क्षयजंतू आणि औषधे : लेखांक सहावा
‘संवेदनशील’ या शब्दाचा अर्थ

सरकारी दवाखान्यांतून ‘सीबीनॅट’ या नावाने परिचित झालेल्या यंत्राची रचना आपण गेल्या लेखांकात पाहिली. बेडक्यात क्षयजंतू आहेत काय, आणि असल्यास ते रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देतील काय, या ज्या प्रश्नांसाठी पूर्वी जंतूंच्या संवर्धनाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे खोळंबावे लागे, त्यांचा निकाल ते सुमारे दोन तासांत देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरात त्यास मान्यता दिली, ती सर्वथा उचितच होती.

परंतु हे यंत्र जंतूवर औषधाचा प्रयोग करून पाहत नाही. ते ‘आरपीओबी’ नामक जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांचा तुकडा तपासते, कारण रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या शंभरांतील सुमारे ९५ जंतूंत फेरफार तेथेच झालेला असतो. तेव्हा निकालपत्रावरील ‘संवेदनशील’ या शब्दाचा अर्थ ‘या ८१ अक्षरांत फेरफार आढळला नाही’ एवढाच घ्यावयाचा.

उरलेले पाच कोठे जातात? दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या स्वाझीलंड (आजचे एस्वातिनी) या चिमुकल्या राज्यात २००९ साली राष्ट्रीय पाहणी झाली, आणि तीत सापडलेल्या बहुऔषधरोधी जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांत फेरफार त्या तुकड्याच्या बाहेर, ४९१ व्या स्थानी, असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. अन्यत्र विरळा असलेला हा जंतू त्या मुलखात माणसामागून माणसाला लागत पसरला होता. आणि त्या दुर्दैवी रुग्णांच्या हाती, यंत्रात कसलाही बिघाड नसताना, ‘संवेदनशील’ असाच दाखला पडला असता. उपचार नियमित चालू असूनही ज्याचा बेडका निर्जंतुक होत नाही, त्याला औषधे चुकविल्याचा दोष देण्याआधी जंतूची फेरतपासणी करावी, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

उलट बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. ही चाचणी शंभर प्रतिरोधी जंतूंपैकी ९६ ओळखते आणि शंभर संवेदनशील जंतूंपैकी दोघांना चुकून प्रतिरोधी ठरवते, असे धरू. हजार रुग्णांत ३०० खरे प्रतिरोधी असतील, तर २८८ खऱ्या निकालांबरोबर १४ खोटे येतील. पण जेथे ३० च खरे असतील, तेथे २९ खऱ्यांबरोबर १९ खोटे येतील. यंत्र तेच, गाव बदलले की त्याच्या शब्दाचे वजन बदलते. त्यातही बेडक्यात जंतू अत्यल्प असतील तर असा घोटाळा अधिक संभवतो. म्हणून पूर्वी औषधे न घेतलेल्या, प्रतिरोधी जंतूंच्या रुग्णाच्या सहवासातही न आलेल्या माणसाला दीर्घ व त्रासदायक उपचारांत ढकलण्यापूर्वी ताज्या बेडक्याची दुसऱ्यांदा तपासणी करून खातरजमा करणे अगत्याचे आहे.

आणि ज्या संवर्धनाला आपण अंतिम न्यायासन मानत आलो, त्याचीही नजर कित्येकदा चुकते. काही फेरफारांनी जंतूचा प्रतिकार थोडाच वाढतो. द्रव माध्यमात ते संवेदनशील भासतात, रुग्णाच्या शरीरात मात्र औषधाला पुरून उरतात, आणि यंत्राने त्यांना प्रतिरोधी म्हटले तर पूर्वी चूक यंत्राचीच धरली जाई. म्हणूनच २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कसोटीतील रिफाम्पिसिनची निर्णायक मात्रा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमवरून अर्ध्यावर आणली.

आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाविषयी तर सीबीनॅट चाचणी मुळी काही विचारीतच नाही. त्याचा विचार पुढील लेखांकी.