काजव्यांमधील भक्षण व अनुकृती : एक विवेचन

प्रस्तावना

मृग नक्षत्राच्या आगेमागे पावसाची चाहूल लागली की झाडाझुडपांत काजवे चमकू लागतात. मराठी मनात काजवा हा निरुपद्रवी व क्षणभंगुर तेजाचे प्रतीक म्हणून वसलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेक काजवे आयुष्याचा मोठा भाग शिकारी म्हणून जगतात आणि काही जातींत प्रकाश हेच शिकारीचे साधन बनले आहे. 'काजव्याची मादी नराला खाते' असे सरसकट विधान अनेकदा ऐकू येते. ते कोणत्या काजव्यांना लागू पडते व आपल्याकडील काजव्यांचे भक्षण कोणत्या स्वरूपाचे आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकाशाची भाषा

काजवे हे भुंगेऱ्यांच्या गणातील लॅम्पिरिडी कुलाचे कीटक असून त्यांच्या २००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांच्या उदरावरील प्रकाशेंद्रियात ल्युसिफेरिन या द्रव्याचे ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होते व शीत प्रकाश निर्माण होतो. उत्तर अमेरिकेतील फोटिनस पायरॅलिस या जातीचा नर उडताना साधारणतः ६ सेकंदांच्या अंतराने चमकतो. गवतावर बसलेली त्याच जातीची मादी त्याला सुमारे २ सेकंदांनी उत्तर देते. नराला मादीची ओळख पटते ती तेजाच्या प्रखरतेवरून नव्हे, तर या कालांतरावरून. जेथे ओळखीची खूण इतकी नेमकी असते, तेथे तिची नक्कल करणाऱ्यालाही वाव मिळतो.

आक्रमक अनुकृती

ही नक्कल फोट्युरिस वंशाच्या माद्या करतात. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जेम्स लॉइड यांनी १९६५ मध्ये या वर्तनाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. फोट्युरिसची मादी फोटिनस नराच्या चमकण्याला त्याच्याच जातीच्या मादीप्रमाणे उत्तर देते आणि मीलनाच्या अपेक्षेने जवळ आलेल्या नराला पकडून खाते. समोरचा नर कोणत्या जातीचा आहे यानुसार एकच मादी आपले उत्तर बदलू शकते, असे लॉइड यांनी १९७५ मध्ये दाखविले. स्वतःचे मीलन उरकल्यानंतरच ती अशा शिकारीकडे वळते. मोहिनीचे रूप भस्मासुराच्या नाशासाठी होते; येथे मात्र बळी जाणारा नर सर्वस्वी निरपराध असतो.

या शिकारीमागे केवळ भूक नाही. फोटिनसच्या शरीरात ल्युसिब्युफॅजिन नावाची कडू, विषारी स्टेरॉइडे असतात व त्यांमुळे कोळी त्याला टाळतात. फोट्युरिसला ही द्रव्ये पुरेशा प्रमाणात स्वतः बनविता येत नाहीत. थॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, फोटिनस खाल्लेल्या माद्यांना उडी मारणारे कोळी नाकारतात. न खाल्लेल्या माद्या मात्र त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणजे ही मादी भक्ष्याबरोबर त्याचे संरक्षक कवचही हस्तगत करते.

भारतीय संदर्भ

फोट्युरिस हा वंश केवळ अमेरिका खंडांत आढळतो. त्यामुळे 'नराला खाणारी मादी' भंडारदरा, पुरुषवाडी येथील किंवा विदर्भातील काजव्यांवर लादणे शास्त्राला धरून नाही. तथापि प्रकाशाची फसवणूक आशियात नाहीच, असेही नव्हे. भारतातही आढळणाऱ्या अॅब्स्कॉन्डिटा या वंशातील टर्मिनॅलिस जातीवर चीनमध्ये झालेले संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका जातीच्या कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला नर आपली नेहमीची अनेक स्पंदांची चमक सोडून मादीसारखी एकस्पंदी चमक देऊ लागतो आणि तिला भुलून आणखी नर जाळ्यात येतात, असे त्यात आढळले.

आपल्याकडील काजव्यांचे खरे भक्षण दिसते ते अळीच्या अवस्थेत. अनेक जातींच्या अळ्या ओलसर जमिनीत गोगलगायी, गांडुळे व मऊ शरीराचे कीटक खातात. अळी आपल्या पोकळ जबड्यांतून पाचक व बधिर करणारे द्रव भक्ष्यात सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते. लॅम्प्रिजेरा वंशाच्या अळ्या तर मोठ्या आफ्रिकी गोगलगायीचीही शिकार करतात. या अळ्याही चमकतात. परंतु त्यांचा प्रकाश प्रणयाचा नसून 'मी बेचव आहे' असा इशारा मानला जातो. प्रौढ झाल्यावर बहुसंख्य काजवे फारसे अन्न घेत नाहीत.

समारोप

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचे मोठे नुकसान केले. एवढा उद्रेक काजव्यांच्या अळ्या एकट्याने आवरतील, असा दावा करता येणार नाही. परंतु जमिनीत उतरणारी कीटकनाशके शत्रूकीटकांबरोबर हा नैसर्गिक भक्षकही नष्ट करतात, हे कळंबसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात विशेष लक्षात घ्यावयास हवे. त्यातच रात्रभर जळणारे प्रखर दिवे प्रौढांची प्रकाशभाषा पुसून टाकतात. फोट्युरिसची मादी मोजके नर फसविते. दिव्यांचा झगझगाट संपूर्ण संवादच बंद पाडतो.

महाविद्यालयीन पातळीवर याचा अभ्यास खर्चिक नाही. विजेरीवर लाल कागद लावून, घड्याळाच्या साहाय्याने चमकण्यातील अंतर, तापमान व स्थळ यांची नोंद जून-जुलैमध्ये दरवर्षी एकाच बांधावर ठेवता येईल. परदेशातील रंजक उदाहरण भारतीय काजव्यांच्या माथी मारण्यापेक्षा अशी एक स्थानिक नोंदवही विद्यार्थ्यांना अधिक शिकवून जाईल.