डब्बा मॉनिटरचा फोकस : ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसले पाहिजेत

ऐकताना आकडे आणि बटणांची नावं निसटतात, म्हणून हा भाग इथे लिहून ठेवतोय. विषय आहे जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचा, म्हणजे आपल्या भाषेत डब्बा मॉनिटरचा फोकस.

आता कोण वापरतं हे, असं म्हणाल. पण आपल्या जिल्ह्यात एखाद्या वजनकाट्यावर, झेरॉक्सच्या दुकानात, जुन्या गेमच्या शौकिनाच्या घरी असा डब्बा अजून भेटतो. आणि पडदा धूसर असला की नुसते डोळे दुखत नाहीत. इंग्रजी आकड्यांतला ३ हा ८ सारखा दिसायला लागतो. १३ क्विंटल कापूस १८ वाचला गेला, तर कोणाचं तरी नुकसान ठरलेलं.

आधी फोकस म्हणजे काय ते बघू. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनची धार निघते आणि पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळते. ती धार बारीक टोकदार पडली तर अक्षर कोरीव दिसतं, पसरली तर फुगतं. धारेला आवळून धरणारं व्होल्टेज काही हजारांचं असतं, आणि ते एलओटीवरच्या ‘फोकस’ लिहिलेल्या खुंटीने कमी-जास्त होतं. पंधरा इंची मॉनिटरच्या पडद्यावरचा एक ठिपका जेमतेम पाव मिलिमीटरचा. त्यामुळे खुंटी केसभर फिरली तरी फरक दिसतो.

पण धूसर दिसलं की लगेच डब्बा उघडायचा नाही. आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, गरम होऊ द्या. मग कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस खाली आणा. प्रकाश जास्त असला की धारच जाड होते, त्यात फोकसचा दोष नसतो. पंधरा इंचीवर १०२४ बाय ७६८ ठेवलं असेल तर ८०० बाय ६०० करून बघा. अक्षराच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसत असेल, तर तीन रंगांच्या धारा एका जागी पडत नाहीयेत. तो कन्व्हर्जन्सचा दोष, फोकसच्या खुंटीने जात नाही. अक्षराच्या उजवीकडे फिकट सावली असेल तर आधी केबल बदलून बघा.

एवढं करूनही धूसरच असेल, तर टेस्ट पॅटर्न लावायचा. तयार प्रोग्रॅम मिळतात. त्यात पूर्ण पडदा इंग्रजी छोट्या ‘ई’ आणि ‘एम’ अक्षरांनी भरलेला असतो, कारण ही अक्षरं आतून लवकर बुजतात. मी मात्र मराठी पॅटर्न वापरतो. नोटपॅड उघडायचं, मंगल फॉन्ट, आकार १२, आणि ‘घ ध म भ’ हीच चार अक्षरं कॉपी-पेस्ट करत पडदा काठोकाठ भरायचा. ‘घ’ आणि ‘ध’मध्ये, ‘म’ आणि ‘भ’मध्ये मोठा फरक शिरोरेषेतल्या फटीचा. ती फट पडद्यावर एखाद-दोन ठिपक्यांची. फोकस ढळला की सगळ्यात आधी तीच बुजते. ज्याला दिवसभर मराठी वाचायचंय, त्याच्यासाठी याहून चांगला पॅटर्न मला माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण पडद्याच्या मधोमध बघून खुंटी लावतात. मध्य झकास होतो आणि कोपरे पिठूळ राहतात. कारण कोपऱ्यापर्यंत धारेला जास्त लांब आणि तिरकं जावं लागतं. म्हणून नजर मध्य आणि कोपरा यांच्या अर्ध्यावर ठेवायची. तिथली फट स्वच्छ दिसली की थांबायचं. मध्य किंचित सुटेल, कोपरे बरेच सुधारतील. फोकस म्हणजे तडजोड आहे, ती सगळ्या पडद्याला धरून करायची.

सांभाळून करा बरं. ट्यूबला वीस हजारांच्या वर व्होल्टेज जातं, आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज उरतो. फक्त प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर, एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल. खुंटीची मूळ जागा आधी मार्करने आखून ठेवा. शेजारची ‘स्क्रीन’ लिहिलेली खुंटी हलवायची नाही. ती फिरली की पडद्यावर तिरक्या पांढऱ्या रेषा उमटतात. सवय नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या. तुम्ही समोर बसून पॅटर्न बघा आणि त्याला ‘बस’ म्हणा. हे काम दोघांचंच आहे.

आपल्याकडची आणखी एक भानगड. घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे जिनिंगचा बारीक कापूस हवेत असतो. हाय व्होल्टेजच्या भागांवर तो ओढला जाऊन बसतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. मग ट्यूबच्या मागच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज गळतं. ओळखायची खूण अशी : सकाळी धूसर, तासाभराने आपोआप स्वच्छ. अशा वेळी खुंटी फिरवत बसू नका, कारण उद्या परत तेच. सॉकेट बदलायचं.

आणि चित्र मंद असेल, उजळायला पाच-दहा मिनिटं घेत असेल, तर ट्यूब म्हातारी झालीय. तिथे कोणताही पॅटर्न कामाचा नाही. मात्र टाकून देताना ती फोडू नका, काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आज घरातल्या डब्ब्यावर ‘घ ध म भ’ भरून बघा. फट दिसली तर डब्बा अजून कामाचा आहे. भेटू पुढच्या भागात.