दाराला कडी, यंत्राला कुलूप!

मैत्रिणींनो, तिजोरीची किल्ली कनवटीला लावून झोपणाऱ्या आज्यांच्या आपण नाती. पण घरात इंटरनेटचा राउटर बसतो, दारावर कॅमेरा लागतो, त्यांच्या पासवर्डची चौकशी आपल्यापैकी किती जणी करतात? ‘ते मुलगा बघतो,’ म्हणून आपण मोकळ्या होतो!

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर बचत गटांचं काम करताना मात्र हे असं सोडून देता येईना. गटांचे हिशेब, कर्जाचे हप्ते, आधार क्रमांक हे सगळं वह्यांमधून संगणकात न्यायचं ठरलं. शिवाय मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांच्या तक्रारी होत्याच. हा संगणक ठेवायचा आमच्याच घरात आणि कार्यकर्त्यांनी मोबाइलवरून त्यातली माहिती बघायची. अशा, सतत चालू राहून मागेल त्याला माहिती काढून देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. वाण्याच्या दुकानासारखंच हे! फरक इतकाच, की दुकानात कोण आलं ते दिसतं, इथे दिसत नाही. हिशेब गेला तर पुन्हा मांडता येईल. पण एखादीचा नवा पत्ता नको त्या माणसाच्या हाती पडला तर?

भीती उगाच नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती अगदी साधी. कारखान्यातून येणारी नावं आणि पासवर्ड, अशा साठेक जोड्या एकेक करून लावून बघायच्या. ज्यांनी ते बदलले नव्हते, त्यांची दारं उघडली. २१ ऑक्टोबरला याच यंत्रांच्या फौजेने कितीतरी मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या.

म्हणून आम्ही सुरुवात केली राउटरपासून. त्याचा आणि सर्व्हरचा मूळचा पासवर्ड बदलला. प्रत्येकीला वेगळं खातं दिलं. हप्ते लिहिणारीला तक्रारी दिसतच नाहीत. बाहेरच्या इंटरनेटवरून सर्व्हरकडे येणारी वाट राउटरमध्येच बंद केली. घरच्या वायफायवर आलं, तरच माहिती मिळते. अपडेट आलं की त्याच आठवड्यात घालायचं, हा नियम. डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे उद्या चोराने यंत्रच उचलून नेलं तरी पासवर्डशिवाय आतलं काही वाचता येणार नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं, घर सोडलेल्या बाईचा पत्ता संगणकात घालायचाच नाही. तो एका वहीत, ती वही कुलपात. जे ठेवलंच नाही, ते चोरणार कसं?

माहितीची दुसरी प्रत मात्र हवीच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. सगळं एकाच छपराखाली ठेवू नये, हे त्या दिवसांनी शिकवलं. त्यामुळे आमची एन्क्रिप्ट केलेली प्रत दुसऱ्या गावात असते.

मग प्रश्न आला, लॅपटॉप कुठला घ्यायचा? ‘ताई, तो पातळवाला घेऊ या ना,’ असा मुलींचा आग्रह. मला आठवलं रायगड जिल्ह्यातलं खैराट-धनगरवाडा. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. देशातला तो पहिला प्रयोग. काय विचार केला होता त्या यंत्राचा! उन्हातही वाचता येईल असा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कीबोर्ड, फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही, वीजही थोडीच लागते. पण या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. वेग कमी, साठवण जेमतेम एक जीबी आणि बटणं इतकी लहान, की मोठ्यांची बोटं अडखळायची. सगळे गुण एका यंत्रात येत नाहीत, स्थळं बघताना येत नाहीत तसेच!

आम्हीही आमच्यापुरती निवड केली. पातळ लॅपटॉप मिरवायला छान, पण अनेकांमध्ये मेमरी जोडूनच टाकलेली असते आणि बॅटरी चिकटवलेली. बिघडलं की वापीला नाही तर मुंबईला पळा! त्यापेक्षा जाडसर, जड, स्क्रू काढून उघडता येणारा, जुना ऑफिसातला लॅपटॉप बरा. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातली, कारण तिच्यात फिरणारं काही नसतं, आपटलं तरी धोका कमी. पडदा चकचकीत नको, ओसरीवर बसलं की त्यात आपलंच तोंड दिसतं. लॅपटॉपच सर्व्हर करण्यात आणखी एक सोय आहे. डहाणूत ५०० मेगावॉटचं वीज केंद्र असलं तरी पावसाळ्यात पाड्यांवरची वीज जातेच. अशा वेळी लॅपटॉपची बॅटरी इन्व्हर्टरचं काम करते. सतत चार्जिंगला राहून ती फुगू नये, म्हणून ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सुरू केली आहे.

खरेदीला जाताना दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा. बॅटरी बदलता येते का? मेमरी वाढवता येते का? अपडेट किती वर्षं मिळतील? आणि कुणी पैशाला फसवलंच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

घरातल्या राउटरचा पासवर्ड मात्र आजच बदला. त्यासाठी मुलगा घरी येण्याची वाट बघायला नको. जमतं आपल्याला!