वाहकाची धाव

खेळाडूंची जनुकचाचणी म्हटलं की आता लिंग तपासणारी ‘एसआरवाय’ चाचणी आठवते. सप्टेंबर 2025 पासून जागतिक अॅथलेटिक्सने महिला गटाच्या मोठ्या स्पर्धांसाठी ती सक्तीची केली. पालघरच्या मुलांना मात्र दुसरीच चाचणी ओळखीची आहे, सिकलसेलची. बोट टोचून घेतलेला तो रक्ताचा थेंबही आईवडिलांकडून आलेल्या जनुकाचाच पत्ता सांगतो. एकाकडून दोष आला तर मूल वाहक, दोघांकडून आला तर रुग्ण. वाहक एरवी ठणठणीत. आश्रमशाळेच्या कबड्डी संघात तो चढाईलाही पुढे असेल.

भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत आढळला. मैदानाशी त्याचं नातं मात्र अमेरिकेत उघड झालं, आणि तेही आधी लष्करात. टेक्सासच्या फोर्ट ब्लिस छावणीत, सुमारे 4000 फुटांवर, चार कृष्णवर्णीय जवान सरावानंतर दगावले. चौघेही वाहक होते. 1970 मध्ये ते छापून आलं आणि व्यवस्थेने सोपा मार्ग धरला: वाहक नकोच. हवाई दलाच्या अकादमीचं दार त्यांना 1981 पर्यंत बंद होतं.

मग 2006. राइस विद्यापीठाचा 19 वर्षांचा अमेरिकन फुटबॉलपटू डेल लॉइड शंभर यार्डांच्या सोळा धावा काढून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तोही वाहकच होता. कुटुंब कोर्टात गेलं. त्यातूनच 2010 मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने वरच्या श्रेणीत चाचणीचा नियम आणला. नको असेल त्याने जबाबदारीतून मुक्तता लिहून द्यायची. (म्हणजे काळजी खेळाडूची की वकिलांची?) रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेच 2012 मध्ये सक्तीला विरोध केला: पाणी, विश्रांती, बेताचा सराव सगळ्यांनाच द्या, चाचणी लागत नाही. 2016 मध्ये सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाहकांत मृत्यू जास्त दिसले नाहीत. श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र 54 टक्क्यांनी अधिक निघाला. लष्करात तोवर सगळ्यांसाठीच पाण्याचे आणि विश्रांतीचे नियम लागू झाले होते.

आपल्याकडे जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली: सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. तिचा रोख लग्न आणि पुढच्या पिढीवर. मैदान तिच्या नजरेत फारसं नाही. मला ते अर्धं बरंच वाटतं. तपासणीनंतर मिळणारं कार्ड बघून एखाद्या पोराला संघातून वगळण्याची अक्कल कुणाला सुचू नये. पण डहाणू, जव्हारच्या आश्रमशाळांतल्या क्रीडाशिक्षकाला त्या कार्डाचा अर्थ ठाऊक हवा. बोईसरच्या दमट उकाड्यात, सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी सोळा धावा लावायच्या नसतात. उन्हाने पायात गोळा आला तर पोटरी दगडासारखी घट्ट होते, पोर कळवळतं. सिकलिंगमध्ये, म्हणजे श्रमाने वाहकाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तेव्हा, पोटरी हाताला मऊ लागते, पोर गपगार खाली बसतं, आणि मास्तरला वाटतं, कामचुकार आहे.