परदेशीं जाणाऱ्या मालाची जोखीम कोठें संपते?

संत्री परदेशीं धाडण्याचा विचार आपल्या सभासदांपैकीं कित्येक करीत असतात, व भाव काय मिळेल हें प्रथम विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न तो नव्हे. करारांत भावापुढें जीं तीन इंग्रजी अक्षरें लिहिलेलीं असतात, त्यांचा अर्थ कळल्यावांचून भाव कळला असें म्हणतां येत नाहीं. आमचा जन्म महसूलखात्यांत फेरफाराचे कागद पाहण्यांत गेला. तेथें जो वाद वारंवार येई तोच येथें आहे: ताबा कोणत्या दिवशीं व कोठें गेला?

या अक्षरांचे नियम पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानें सन १९३६ मध्यें प्रथम प्रसिद्ध केले. त्यांस ‘इन्कोटर्म्स’ म्हणतात. सन २०२० च्या आवृत्तींत अशा अकरा अटी आहेत. नागपूरकरांस चार समजल्या तरी पुष्कळ झालें.

सर्वांच्या तोंडीं असलेली अट ‘एफ.ओ.बी.’. तींत माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची. बंदरालगतच्या व्यापाऱ्यास हें ठीक आहे. पण नागपुराहून न्हावा शेवा बंदर आठशें किलोमीटरांच्या आसपास दूर. काटोलच्या बागाइतदारानें थंड कंटेनरांत संत्रीं भरून तो नागपुरास वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, कीं माल त्याच्या दृष्टीआड झाला. तरी करारांत ‘एफ.ओ.बी. न्हावा शेवा’ असेल, आणि वाटेंत गाडी उलटली किंवा धक्क्यावर वीज तुटून फळ सडलें, तर बुडाला तो बागाइतदारच. ताबा गेला, जोखीम राहिली! असा फेरफार आमच्यापुढें आला असता तर आम्हीं परत पाठविला असता.

कंटेनरच्या मालास ‘एफ.सी.ए. नागपूर’ ही अट योग्य. तींत खरेदीदारानें नेमलेल्या वाहतूकदाराच्या हातीं ठरल्या जागीं माल दिला, कीं पुढील जोखीम व भाडें खरेदीदाराचें. निर्यातीचे सरकारी कागद मात्र विक्रेत्यानेंच पुरे करावयाचे. भाव थोडा उतरेल. आम्ही तो पत्करूं.

‘सी.आय.एफ.’ या अटीविषयीं गैरसमज फार. विक्रेता परक्या बंदरापर्यंतचें भाडें व विमा भरतो, म्हणून जोखीमहि तेथपर्यंत त्याचीच असें लोक समजतात. तसें नाहीं, माल बोटीवर चढतांच ती खरेदीदाराकडे जाते. शिवाय या अटींतील विमा कमींत कमी संरक्षणाचा असतो. आग, बोट बुडणें, टक्कर यांस तो उपयोगी; विलंबामुळें नासलेल्या फळास नाहीं.

जकातीचें प्रकरण आपणांस अधिक झोंबलेलें आहे. बांगलादेशानें संत्र्यांवरील आयातकर सन २०१९ पासून वाढवीत नेला व सन २०२३ मध्यें तो किलोमागें ८८ रुपयांवर गेला. तिकडील माल ट्रकनें जातो, एफ.ओ.बी. व सी.आय.एफ. या तर केवळ जलमार्गाच्या अटी, त्या तेथें लिहूंच नयेत. बहुतेक अटींत आयातीची जकात खरेदीदारानें भरावयाची असते. फक्त ‘डी.डी.पी.’ अटींत ती विक्रेत्याच्या गळ्यांत पडते, आणि करार झाल्यावर कर वाढला तर वाढहि त्याच्याच माथीं. अर्थात् खरेदीदारानें भरली तरी तो आपला भाव पाडून ती वसूल करूं पाहतो, हें वरूड-मोर्शीकडील बागाइतदारांस सांगावयास नको. पण पाडलेला भाव निदान सौद्याआधीं दिसतो.

खरेदीदाराचीं कर्तव्यें पैसे देऊन संपत नाहींत. एफ.सी.ए. अटींत वाहतूकदार नेमणें, त्याचें नांव व दिवस वेळेवर कळविणें, माल ताब्यांत घेणें व आपल्या देशांतील परवाने काढणें हीं त्याचींच कामें. ठरल्या मुदतींत त्यानें वाहतूकदार धाडला नाहीं, तर माल आपल्या आवारांत पडून असला तरी मुदतीनंतरची जोखीम त्याची होते. परंतु तो माल त्याच्याच कराराचा म्हणून वेगळा ओळखतां आला पाहिजे. यास्तव प्रत्येक पेटीवर खरेदीदाराची खूण व कराराचा क्रमांक घालावा, पेट्या वेगळ्या रचाव्या, आणि माल तयार असल्याचें त्याच दिवशीं लेखी कळवून त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी.