दीडपटीची मेख अवग्रहात

हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दुप्पट किंवा चौपट सहसा अडवत नाही. गाडी अडते ती दीडपटीपाशी. ऐकून पाठ केलेली दीडपट कशीबशी जमते, पण तीच कागदावर लिहून समोर ठेवली की लय सुटते. याचे कारण लिपीतील एका छोट्या चिन्हात आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या लिपीत सम × या, तर खाली ० या चिन्हाने दर्शवतात. एका मात्रेतील अक्षरे खालून अर्धचंद्राने जोडतात. बोलांमधील अवग्रह (ऽ) म्हणजे आधीच्या बोलाचा लांबलेला अंश.

उदाहरणार्थ, सहा मात्रांचा दादरा : धा धी ना, धा तू ना. दीडपटीत दोन मात्रांत तीन बोल बसतात. म्हणजे सहा बोलांना चार मात्रा पुरतात आणि समेवर येण्यासाठी तिसऱ्या मात्रेपासून आरंभ करावा लागतो. प्रत्येक मात्रेचे तीन अंश, प्रत्येक बोलाला दोन, या हिशेबाने तिसरी ते सहावी मात्रा अशी लिहिली जाते : धाऽधी, ऽनाऽ, धाऽतू, ऽनाऽ.

चौथी मात्रा ही दादऱ्याची खाली. हात खाली दाखवतो, त्या क्षणी नवा बोल मात्र नसतो. विद्यार्थी घाईने 'ना' तेथेच उच्चारतो आणि पुढचा सारा हिशेब बिघडतो.

यावर उपाय संथ सरावाचा. वाद्य बाजूला ठेवून प्रथम हाताने मात्रा धरावी व प्रत्येक मात्रेत 'एक-दोन-तीन' म्हणावे. नंतर अवग्रहाच्या जागी आधीच्या बोलाचा स्वर उच्चारावा : 'धा-आ-धी, ई-ना-आ'. तिसरी-चौथी मात्रा स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नये. हा उच्चार हळूहळू मनातल्या मनात न्यावा. लय वाढवणे सर्वांत शेवटी.

एवढे कष्ट कशासाठी? तीनतालाचे सोळा बोल दीडपटीत १० पूर्णांक २/३ मात्रा घेतात. त्यामुळे आरंभ सहाव्या मात्रेचा एक तृतीयांश भाग सोडून होतो. तेथे 'ऽधाऽ' असे पहिलेच घर अवग्रहाने उघडते. दादऱ्याचे पाठांतर येथे कामी येत नाही. अवग्रह वाचता येणाराच समेवर पोहोचतो.