बंदिवासातील साप व हवेची आर्द्रता

सापाला पाण्याची गरज नसते, आणि असलीच तर ती दुधाने भागते, अशी समजूत आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आढळते. या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. इतर प्राण्यांप्रमाणेच सापाच्या शरीराचाही मोठा भाग पाण्याचा असतो, आणि ते पाणी त्वचेवाटे, श्वासावाटे व मलावाटे सतत बाहेर पडत असते. रानातील साप ही हानी स्वतःच भरून काढतो. ऊन वाढले की तो बिळात अथवा वारुळात शिरतो, ओलसर पालापाचोळ्याखाली दडतो, पाऊस पडला की अंगावर साचलेले थेंबही पितो. पेटीत ठेवलेल्या सापाला मात्र अशी निवड करता येत नाही. प्राणिसंग्रहालयांत, तसेच ज्या देशांत कायद्याने मुभा आहे तेथील घरांत साप पाळले जातात, तेव्हा त्यांच्या पिण्याच्या पाण्याकडे व सभोवतालच्या हवेच्या आर्द्रतेकडे अन्नाइतकेच लक्ष द्यावे लागते.

पाणी राखणारी शरीररचना

सापाचे खवले पाणी अडवितात, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु मुख्य अडथळा खवल्यांचा नसून त्वचेच्या बाह्य थरांत असलेल्या स्निग्ध द्रव्यांचा आहे. अमेरिकेत 1980 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सापाच्या कातेतील ही द्रव्ये रसायनाच्या साहाय्याने काढून टाकण्यात आली, तेव्हा खवले जसेच्या तसे असूनही त्या कातेतून पाण्याची वाफ पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने निसटू लागली. वाळवंटी सापांत हा अडथळा अधिक बळकट असतो, तर दमट प्रदेशांतील व पाण्यात राहणाऱ्या सापांत तो दुबळा असतो. म्हणूनच सर्व सापांस एकच आर्द्रता मानवत नाही.

दुसरी काटकसर मूत्रपिंडात होते. साप शरीरातील नत्रयुक्त घाण यूरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या दाट लगद्यासारखी बाहेर टाकतो. त्यास फार थोडे पाणी पुरते. परंतु शरीरातील पाणी फारच घटले, तर हेच आम्ल मूत्रपिंडांत व इतर अवयवांत साचते आणि साप दगावतो.

साप पाणी कसे पितो?

पाणी पिताना सापाची दुभंगलेली जीभ उपयोगी पडत नाही; तिचे कार्य गंध टिपण्याचे आहे. साप जबड्याची कड पाण्यात बुडवितो व पाणी आत घेतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, काही सापांच्या खालच्या जबड्यातील मऊ घड्या स्पंजाप्रमाणे पाणी शोषतात व स्नायूंच्या दाबाने ते घशाकडे ढकलले जाते.

समुद्रात जन्म काढणारा सापही गोड्या पाण्यावाचून राहू शकत नाही. पिवळ्या पोटाच्या समुद्रसर्पाचा अभ्यास मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यानजीक करण्यात आला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कोरड्या ऋतूत हे साप समुद्राच्या पाण्यात असूनही तहानलेले असतात व पाऊस पडेपर्यंत थांबतात.

तापविलेली हवा कोरडी का होते?

परदेशांतील घरांत फार मोठ्या प्रमाणावर पाळला जाणारा साप म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान अजगर होय. भ्याला म्हणजे तो अंगाचा गोळा करून डोके आत लपवितो. मूळ प्रदेशात तो उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. तेथील हवा बाहेरच्या हवेपेक्षा दमट असते.

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. म्हणून थंड देशांत त्याची पेटी तापवावी लागते, व येथेच अडचण उद्भवते. 20 अंश सेंटिग्रेड तापमानाच्या एक घनमीटर हवेत अधिकांत अधिक सुमारे 17 ग्रॅम वाफ मावते. 30 अंशांस तेवढ्याच हवेत सुमारे 30 ग्रॅम मावते. हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ व मावू शकणारी वाफ यांच्या प्रमाणास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. खोलीतील हवा 20 अंशांवर असून तिची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल, तर तीच हवा 30 अंशांपर्यंत तापविल्यावर आर्द्रता सुमारे 28 टक्क्यांवर येते. वाफ कोठेही गेलेली नसते. हवेची वाफ सामावून घेण्याची शक्ती मात्र वाढलेली असते, आणि ती भूक सापाच्या अंगातील पाण्यानेही भागते. या अजगरास सामान्यतः 50 ते 60 टक्के, व कात टाकण्याच्या सुमारास त्याहून थोडी अधिक आर्द्रता मानवते. त्यामुळे ऊब मिळाली तरी साप हळूहळू सुकत जातो.

कात हीच साक्ष

आर्द्रता योग्य आहे की नाही, हे कातेवरून कळते. कात टाकण्यापूर्वी जुन्या व नव्या त्वचेच्या मध्ये पातळ द्रव उतरतो. त्यामुळे अंग निस्तेज व डोळे निळसर, धुकट दिसतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, व त्यानंतर साप ओठांची कड खरखरीत जागी घासून कात सोडू लागतो. ती मोज्याप्रमाणे उलटी होत अखंड निघते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवरचे पारदर्शक आवरणही कातेबरोबरच सुटते.

कोरड्या हवेत कात तुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाशी तिचे कडे राहिले, तर आवळले जाऊन टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. डोळ्यांवरचे जुने आवरण राहिले, तर दृष्टीस बाध येतो. ते चिमट्याने ओढणे धोक्याचे आहे, कारण खालचा नाजूक थर फाटू शकतो. अशा वेळी सापाला कोमट, उथळ पाण्यात काही काळ ठेवावे, नंतर ओलसर कापडातून सरपटू द्यावे व तरीही आवरण न सुटल्यास पशुवैद्याकडे न्यावे. कातडीवर सुरकुत्या पडणे, डोळे खोल जाणे, तोंडातील लाळ चिकट होणे, पांढऱ्या मळाऐवजी पिवळे कठीण खडे पडणे, हीही पाणी घटल्याची लक्षणे होत.

उपाय व त्याची मर्यादा

पेटीत सापाला शिरता येईल असे पाण्याचे पसरट भांडे असावे व पाणी रोज बदलावे. जाळीच्या झाकणाचा काही भाग झाकल्यास वाफ कोंडली जाते. लपण्याच्या एका डबीत ओलसर शेवाळ ठेवल्यास साप गरजेप्रमाणे तेथे जाऊन बसतो. आर्द्रता अदमासाने न ठरविता आर्द्रतामापकाने मोजावी. शाळेतील प्रयोगशाळेत ती दोन तापमापकांनीही काढता येते: एकाच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळावे, दोहोंच्या तापमानांत जितके अंतर अधिक, तितकी हवा कोरडी.

पेटी चिंब करणे मात्र तितकेच घातक आहे. सतत ओल्या, कोंदट जागी बुरशी व जंतू वाढतात, पोटाच्या खवल्यांवर फोड येतात व फुप्फुसांचे विकार जडतात. हवा दमट, जमीन कोरडी व वायुवीजन मोकळे, हे सूत्र होय.

भारतातील साप

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये रानातील साप पकडणे व बाळगणे हा अपराध आहे; त्यामुळे येथे हे ज्ञान प्राणिसंग्रहालये व जखमी सापांवर उपचार करणाऱ्या केंद्रांच्या कामी येते. पण त्याचा उपयोग प्रत्येक नागरिकासही आहे. नागपंचमीस गारुड्याचा नाग दूध पितो, याचे कारण त्यास दुधाची आवड आहे हे नव्हे. अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो. दूध त्यास पचत नाही व ते पुष्कळदा त्याच्या मृत्यूस कारण होते. ज्या वाटीला भक्तीचे चिन्ह मानले जाते, ती त्या प्राण्याच्या तहानेची खूण असते. त्याला हवे असते ते स्वच्छ पाणी, ओलसर बीळ आणि तेथे परत जाण्याची मोकळीक.